दमट गावाला शिवलेली संध्याकाळ

वैशाख लागला की लोणावळ्याच्या बाजारात दोन गोष्टी एकदम येतात. पानांच्या द्रोणातली करवंदं, आणि समुद्राकडं निघालेली माणसं. करवंदं डोंगरातल्या मावश्यांच्या पाटीत असतात, माणसं माझ्या दुकानात. अख्खं जग उन्हाळ्यात आमच्याकडं गार व्हायला येतं आणि आमच्या गावची मंडळी आपला गारवा पाहुण्यांच्या हवाली करून गोव्याला, केरळला, अंदमानला घाम गाळायला जातात. देवानं माणसाला अक्कल दिली तेव्हा सोबत सुट्टी द्यायला नको होती, असं माझं मत आहे.

परवा असंच एक नवं जोडपं आलं. मुलगा म्हणाला, "काका, कोचीला चाललोय. एका संध्याकाळी बोटीवर जेवण आहे. दोघांना काहीतरी भारी शिवा, पण उकडायला नको."

मी टेप गळ्यात तशीच ठेवून विचारलं, "तिथं सूर्य बुडाल्यावर वारा असतो का पडतो?"

मुलानं बायकोकडं पाहिलं. टेलरनं छातीचं माप विचारावं, वाऱ्याचं कशाला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याचं चूक नव्हतं. तीस वर्षं मीही कुणाला हा प्रश्न विचारला नव्हता. तो शिकायला मला एक अख्खी लग्नसराई मोजावी लागली, आणि दर वैशाखात करवंदाच्या चिकाचा वास आला की ती लग्नसराई माझ्या अंगाला पुन्हा चिकटते. चिकटते हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

माझं घर मळवलीत, दुकान लोणावळ्यात. म्हणजे ओल या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. आमच्याकडं पावसाळ्यात धुकं पुढच्या दारानं येतं, ओसरीवर बसतं, चहाची वाट बघतं आणि नाही मिळाला तर मागच्या दारानं जातं. एका वर्षी ते चार दिवस दुकानातच मुक्कामाला राहिलं. त्या धुक्यात मी एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं. कोट शिवून झाला, त्याला काही केल्या बसेना. पुढं कळलं की माप घेतलं ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मेव्हण्याचं. कोट मेव्हण्याला इतका फर्मास बसला की त्यानं तो परत दिलाच नाही. दुसऱ्या एका श्रावणात एका वकिलाचा काळा कोट आठ दिवस खुंटीवर राहिला, तर आतल्या खिशात अळंबी उगवली. बायकोनं तिची भाजी केली. दोन माणसांना पुरली. चवीला किंचित अस्तराचा वास होता, बाकी तक्रार नव्हती.

अशा मुलखात सुती कापडाला कोण विचारतो? सुती शर्ट आषाढात धुतला की गौरी-गणपतीला वाळतो, तोही इस्त्रीच्या धाकानं. टेरिकॉट मात्र झटकलं की कोरडं. आणि संध्याकाळ म्हटली की आमच्याकडं गारठा. मळवलीच्या फार्महाउसांवर मुंबईची पाहुणेमंडळी पार्टीला येतात. सात वाजेपर्यंत बाया बिनबाह्यांच्या झग्यात आणि पुरुष लिननच्या चुरगळलेल्या शर्टात हिंडतात, साडेसातला बंगल्यावरच्या राखणदाराकडं घोंगडी मागतात. मी तो प्रकार पाहून तीस वर्षं हसलो. लिनन म्हणजे कापड नव्हे, कापडानं केलेली तक्रार, असं मी म्हणायचो. माझा नेम ठरलेला होता. ओल तिथं टेरिकॉट आणि संध्याकाळ तिथं अस्तर. या दोन खुंट्यांवर मी अख्ख्या मावळाला टांगून ठेवलं होतं.

मग आमच्या केतकीचं लग्न ठरलं.

केतकी आमची एकुलती एक. तळेगावजवळच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीच्या खात्यात. म्हणजे खोट काढण्याचा पगार घेते. तिथंच ओंकार भेटला. मुलगा गुहागरकडचा, घर समुद्रापासून इतकं जवळ की भरतीला समुद्रच पाय पुसून आत येत असेल. लग्न मळवलीत करायचं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गावात वाळूवर रिसेप्शन, असं ठरलं.

कॉलेजात गेल्यापासून केतकीनं माझ्या हातचं अंगावर घातलं नव्हतं. रेडीमेड आणायची. मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे रोज बोललो, पण बायकोशी. लग्नाची खरेदीही पुण्यात चालली होती. माघातल्या एका रविवारी ती दुकानात येऊन कटिंगच्या टेबलावर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय हलवत.

"बाबा, रिसेप्शनचा ड्रेस तुम्ही शिवा."

"बघू," मी म्हणालो. "सीझन हाय. वेळ झाला तर."

"ऐका ना. तिथं खूप दमट असतं म्हणे. चार तास उभं राहायचंय. ओंकारची सगळी माणसं मला पहिल्यांदा बघणार. मला त्यांच्याशी नीट बोलायचंय. सारखं ड्रेसकडं लक्ष द्यायला लागलं तर मी कुणाशीच धड बोलणार नाही. दिसायला छान हवा, पण तो घातलाय हे मला आठवायला नको."

"दमट?" मी हसलो. "पोरी, दमट मला सांगतीस?"

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन मशीनला मिठी मारली. मशीनच्या चाकाचं ग्रीस शर्टाला लागलं ते अजून आहे.

कापड आणायला रशीदभाईंच्या दुकानात गेलो. रशीदभाईंचं नि माझं नातं असं की ते कापड देतात आणि मी त्यांच्या कापडाला नावं ठेवतो. त्यांनी वरच्या फळीवरून पांढऱ्या मलमलीचा तागा काढला.

"अस्तराला हे ने. केतकी आपलीच पोर हाय म्हणून सांगतो. माझी बहीण रत्नागिरीत दिलीये. तितं मे महिन्यात दुसरं काय अंगावर ठरत न्हाई."

"रशीदभाई, मलमलीत चक्का बांधतात, नवरी न्हाई."

"बरं बाबा," त्यांनी तागा परत फळीवर टाकला. "टेरिकॉट-साटीन घालून ने. तितं गेल्यावर तुला चक्काच मिळंल."

वर जांभळ्या रंगाचं जॉर्जेट घेतलं, पिकल्या जांभळाचा असतो तो काळसर जांभळा. आत साटीनचं अस्तर. त्याच्या आत घेर फुगायला ताठ जाळी. कमरेला कॅनव्हास. आणि संध्याकाळ आहे, पोरगी गारठेल, म्हणून साटीनच्या खाली आणखी एक पातळसं टेरिकॉट, ते मी कुणाला सांगितलंही नाही. फाल्गुनात एका संध्याकाळी मळवलीच्या घरात ट्रायल घेतली. विसापूर किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता. केतकीनं एक गिरकी घेतली आणि अख्खी खोली जांभळी झाली. कोंबडीसुद्धा दारात थांबून बघायला लागली. मी खाली वाकून खडू शोधत बसलो. खडू माझ्या कानामागंच होता.

माझी बायको सुनंदा मात्र अस्तर चाचपून म्हणाली, "किती थर लावलेत? पोरगी हाय का कोबीचा गड्डा?"

"थंडी वाजंल तिला."

"वैशाखात?"

"संध्याकाळ हाय ती. कुटंबी गेलं तरी संध्याकाळ ती संध्याकाळ."

हे वाक्य मी आजही कधीकधी मनात म्हणून बघतो. किती ठाम वाटतं. अडाणीपणाला इतकी चांगली इस्त्री क्वचितच होते.

लग्न लागलं, केतकी सासरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सतराजण टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. मी टेरिकॉटचा जोधपुरी घातला होता, आत पूर्ण अस्तर, खांद्याला पॅड. खंडाळ्याला मी राजबिंडा होतो. खोपोलीला गळ्याची गुंडी सुटली. महाडला दुसरी. चिपळूण येईतो गाडीत आमच्या सतराजणांचा मिळून एवढा वाफारा झाला की ड्रायव्हर आतून काच पुसायला लागला, आणि मागच्या सीटवरच्या माझ्या चुलत्यानं विचारलं, "पाऊस लागला का रं?"

पोचलो तेव्हा एक वाजला होता. व्याही दारात उभे. अंगात अर्ध्या बाह्यांचा जुना सुती शर्ट, खाली पंचा. माठासारखा गार माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या देण्याऐवजी कळशीच पुढं केली.

"कोट काढा, व्याही."

"नको, सवय हाय."

टेलरनं व्याह्याच्या दारात आपणच शिवलेला कोट काढायचा म्हणजे स्वयंपाक्यानं पंगतीत आपली आमटी बाजूला सारण्यासारखं. मी तसाच बसलो. समुद्राकडून वारा चांगला सुटला होता. मी सुनंदाला हळूच म्हणालो, "बघ. वारा हाय. संध्याकाळी गारच पडंल."

व्याह्यांनी ऐकलं. "वारा? हा दिवसाचा. सूर्य बुडाला की पडतो. मग माडाची झावळी हलत नाही."

मी कळशी खाली ठेवली आणि अंगणातल्या माडाकडं बघायला लागलो.

अडीचला केतकीनं ड्रेस घालून दाखवला. तिच्या सासूबाईंनी, मीराताईंनी, "अगोबाई, किती सुंदर," म्हणून तिच्यावरून हात ओवाळला. दिसत होतीच. पण मी दिसणं बघत नव्हतो. दहा मिनिटांत तिच्या ओठांवर दव पडलं. पंधरा मिनिटांत कपाळावरून धार सुरू झाली. पाठीमागून पाहिलं तर साटीन आतून चिकटून पाठीवर कोकणचा नकाशा उमटला होता, खाड्यांसकट. ती दोन्ही कोपरं अंगापासून लांब धरून उभी होती, पंख वाळवायला बसलेल्या पाणकावळ्यासारखी.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

ती हसली. "चालेल, बाबा. चारच तास आहेत."

तीस वर्षांत 'चालेल' म्हणणारी हजार गिऱ्हाइकं मी पाहिलीत. 'चालेल' म्हणणारा माणूस कपडे घेऊन जातो आणि परत येत नाही. माझी पोर मला गिऱ्हाइकासारखं बोलली होती. मी वाईट शिवलं म्हणून नव्हे, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मला आता दिसत होतं पुढं काय होणार ते. ती चार तास कोपरं लांब धरून उभी राहणार, रुमालानं गळा टिपणार, सासरच्या माणसांना वाटणार मुलगी आखडू आहे, आणि ती कुणाला सांगणार नाही की बापानं तिला आत तीन पदरी कोंडलंय.

"काढ तो," मी म्हणालो.

"बाबा, राहू दे ना."

"काढ म्हणतो ना. सुनंदा, कात्री."

मी माझं काम कधी उसवत नाही. दुसऱ्याचं उसवायला मला लय आवडतं, पण माझं नाही. त्या दिवशी व्याह्यांच्या माजघरात चटई टाकून मी बसलो आणि उसवायला लागलो. कॅनव्हास निघाला. जाळी निघाली. साटीन निघालं. साटीनखालचं चोरटं टेरिकॉट निघालं तेव्हा सुनंदानं फक्त माझ्याकडं पाहिलं. आतून एवढं कापड बाहेर आलं की शेजारचा एक माणूस दारात डोकावून, मांडव इथंच घालताय का, असं विचारून गेला. शेवटी हातात नुसतं जॉर्जेट राहिलं. हलकं, झुळझुळीत, आणि आरपार दिसणारं. त्याला आत काहीतरी सुती, पातळ, मऊ लावायलाच हवं होतं. साडेतीन वाजले होते. कापडाचं दुकान लांब, आणि दुपारचं बंद. आमच्या बॅगा उघडल्या तर सतराजणांच्या कपड्यांत सुताचा एक धागा नाही. असणार कसा? सगळे मीच शिवलेले. आणि नव्या नवरीच्या ड्रेसला व्याह्यांचं जुनं धोतर मागायला जीभ रेटेना.

आणि मग माझी नजर मानाच्या पिशवीवर गेली.

आमच्याकडं मान म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. लग्नात सोयऱ्यांच्या वडीलधाऱ्यांना टॉवेल-टोपी, उपरणं द्यायचं असतं. त्यात चूक झाली तर क्षमा नाही. मावळात एका लग्नात टॉवेलाचा रंग चुकला म्हणून दोन भावक्या तीन पिढ्या एकमेकींच्या बांधावरून जात नाहीत, आणि तो टॉवेल अजून कुणी वापरलेला नाही. ओंकारच्या गावची पाच म्हातारी माणसं घाट चढून लग्नाला येऊ शकली नव्हती. त्यांच्यासाठी आम्ही पाच उपरणी आणली होती. पांढरी, बारीक काठाची, आणि, रशीदभाईंनी त्यात आपला डाव साधला होता, अस्सल मलमलीची.

"त्याला हात लावायचा न्हाई," सुनंदा म्हणाली. माझी नजर तिला माझ्याआधी कळते. "मानाची हायती ती. त्या म्हाताऱ्यांपुढं काय ठेवणार? लोक म्हंतील, मावळचं सोयरं हात हलवत आलं. पोरीला जल्मभर ऐकावं लागंल."

तिचं खरं होतं. मी पिशवीकडं बघत बसलो. एका बाजूला पाच म्हाताऱ्यांचा मान, दुसऱ्या बाजूला पोरीची एक संध्याकाळ. उंबऱ्याच्या आत केतकी पंख्याखाली गाऊनवर बसली होती. गळ्याशी घामोळं उठलं होतं आणि ती ओल्या पंच्यानं ते दाबत होती. आम्हाला दिसू नये म्हणून पाठमोरी बसली होती.

सुनंदानं तिच्याकडं पाहिलं. मग पिशवी ओढली आणि पहिलं उपरणं बाहेर काढलं.

"द्या हितं. काठ मी उसवते. तुमी बेता."

मीराताईंकडं एक हातमशीन होती. त्यांनी ती आतून आणली, फडक्यानं पुसली, तेल घातलं. "चालते, पण कुरकुरते," म्हणाल्या. मग उपरण्यांकडं पाहिलं.

"ही कसली?"

"मानाची," मी म्हणालो. खोटं सुचलं नाही. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सुनंदाकडं पाहिलं, मग आत केतकीकडं. त्या चटईवर बसल्या आणि मशीनचं चाक फिरवायला लागल्या, म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे.

आता कोचीच्या जोडप्याला मी काय सांगितलं ते ऐका, कारण ते सगळं त्या चटईवर शिकलो. दमट गावची संध्याकाळ ही आपली संध्याकाळ नव्हे. ती घाम वाळू देत नाही, म्हणून घाम पिऊन घेणारं कापड लागतं, परतवून लावणारं नाही. बगल बोटभर सैल. गळा मोकळा. कमरेला आवळायचं ते नुसतं दिसण्यापुरतं. रंग एकतर पांढरा किंवा चांगला गडद, राखाडी घातलात तर तुमची सगळी गुपितं काखेत छापून येतील. आणि भारी दिसणं वजनात नसतं, कापड कसं खाली पडतं त्यात असतं. मुलीनं विचारलं, "मग लिननमध्ये शिवाल?" मी म्हणालो, "शिवतो की. ते चुरगळतं, पण बोटीवर तुमच्या चुण्या कोण मोजणार?" तीस वर्षांपूर्वीच्या मला कुणी हे वाक्य ऐकवलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता.

साडेसहाला शेवटचा टाका घातला. केतकीनं ड्रेस घातला. घेर आता फुगत नव्हता. तो पाण्यासारखा खाली उतरत होता आणि चालताना पायांच्या मागून येत होता. ती दोन पावलं चालली, थांबली, म्हणाली, "हलका झालाय." एवढंच. बाहेरून हाक आली तशी ती गेलीही.

सूर्य बुडाला आणि, व्याही म्हणाले होते तसंच, वारा पडला. माडावर झावळी हलेना. वाळूवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, पुढच्या रांगेत पाच खुर्च्यांवर पाच म्हातारे बसले होते. सगळ्यांत थोरले नव्वदीचे होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणत होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन हात जोडले.

"आबा, चूक झालीये. तुमच्या मानाची उपरणी आणली होती. पाचबी. पण पोरीला उकाडा सोसंना. मी टेलर हाय. मी ती तिच्या ड्रेसला आतून लावली."

आबांनी कानामागं हात धरून सगळं पुन्हा ऐकलं. मग दिव्याखाली उभ्या असलेल्या केतकीकडं बराच वेळ पाहिलं. बाकीचे चौघंही पाहायला लागले. माझ्या कोटातून समुद्र वाहत होता.

"माझं कुठल्या बाजूला लावलंत?" आबांनी विचारलं.

"तुमचं?" मी क्षणभर गडबडलो. "तुमचं पुढं. बरोब्बर मधोमध."

"आणि ह्या दत्तूचं?"

"मागं."

आबांनी मान डोलावली. "मग ठीक."

दत्तू म्हणजे शेजारचे पंच्याऐंशीचे गृहस्थ थोडे हिरमुसले. म्हणाले, "मागं का असेना, घेरात आहे ना?" मी म्हणालो, "घेराचा सगळा भार तुमच्यावरच हाय." ते खूश झाले. कुठलं उपरणं कुठं गेलं होतं हे खुद्द मला माहीत नव्हतं, पण पाचही जणांना मी त्यांच्या त्यांच्या जागा दाखवल्या. प्रत्येकाला चांगली जागा मिळाली. मग आबांनी मला शेजारी बसवून कोट काढायला लावला, आणि मी काढला.

तिथं बसून मी केतकीला बघत राहिलो. ती प्रत्येकाशी बोलत होती. कुणाच्या तरी तान्ह्या पोराला कडेवर घेतलं. मीराताईंच्या बहिणी वाळूत चटईवर बसल्या होत्या, त्यांच्यात फतकल मारून बसली आणि त्यांच्या कसल्याशा गोष्टीवर इतकी हसली की मागं कलली. हवा पिठल्यासारखी घट्ट होती. सगळे पदरानं, रुमालानं वारा घेत होते, ती सोडून. दोन तासांत तिनं एकदाही ड्रेसकडं पाहिलं नाही. दोन तासांत एकदाही मागं वळून आम्ही कुठं बसलोय ते पाहिलं नाही.

सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली. तिनंही तेच पाहिलं होतं.

"बोलावू का तिला?" ती म्हणाली. "आल्यापासनं आपल्याकडं फिरकली न्हाई."

"नको," मी म्हणालो. "मला बघितलं की तिला ड्रेस आठवंल."

सुनंदानं माझा ओला कोट मांडीवर घेतला आणि आम्ही दोघं पोरीला बघत बसलो, ती आम्हाला विसरलेली असताना, चांगला अर्धा तास.